पोसायडनसोबत सापडलेले मद्यपात्र

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४मध्ये तेथे ब्राँझच्या वस्तूंचा एक मोठा संचय सापडला. अभ्यासक त्याला कुंदनगार संचय म्हणून ओळखतात. १९४५-४६मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीचे पद्धतशीर उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगर उजेडात आले. संचयातील वीतभरही उंच नसलेला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, टाउन हॉल वस्तुसंग्रहालयाची ओळख बनला. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरते आणि सोबतचा मजकूर ठरलेला असतो: कोल्हापुरात रोमनांची वसाहत होती, त्यांनी येथे वाइन आणली आणि येथील लोकांना ती प्यायला शिकवली.

या मजकुरातील एकही विधान पुराव्यावर उभे राहत नाही. वाइन आली, एवढे मात्र खरे. पण ती कोणी शिकवली म्हणून आली नाही. ती येथील गिऱ्हाइकाने पारखून, निवडून आणि दाम मोजून घेतली.

पोसायडनसोबत त्याच संचयात मुठीचा एक ब्राँझचा जगही होता. या घडणीच्या पात्राला ग्रीक भाषेत ओइनोखोए म्हणतात. शब्दशः अर्थ, वाइन ओतण्याचे भांडे. अशी भांडी दक्षिण इटलीतील कांपानिया प्रांतात घडत. छायाचित्र मात्र देवाचेच निघते. भांड्याकडे कोणी फारसे पाहत नाही, आणि येथेच चूक सुरू होते. देवाची मूर्ती पाहिली की मनात पूजा करणारा रोमन उभा राहतो. भांडे पाहिले की प्रश्न वेगळा पडतो: हे विकत कोणी घेतले?

आता उलट दिशेचे उदाहरण घ्यावे. १९३८मध्ये पाँपेईत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इ.स. ७९च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ती गाडली गेली होती. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. आजवर कोणीही असे म्हटले नाही, की पाँपेईत मराठवाड्याची वसाहत होती. एका धनिक रोमनाने दूरची महागडी वस्तू हौसेने घेतली, असेच सारे म्हणतात, आणि ते योग्यच आहे. मग इटलीची वस्तू कोल्हापुरात मिळाली की तोच न्याय का लागू होत नाही? पाँपेईचा रोमन रसिक आणि ब्रह्मपुरीचा गृहस्थ मात्र प्रभावाखाली आलेला, हा भेद पुराव्यातून आलेला नाही. तो वसाहतकाळातील सवयीतून आला आहे. १९४५मध्ये अरिकामेडू खणणाऱ्या मॉर्टिमर व्हीलर यांच्या लेखनाने ही सवय अधिकच पक्की केली.

आणि ज्यांना ‘यवन’ म्हटले गेले, ते येथे होतेच. कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांत त्यांच्या दानांचे लेख आहेत. पण ते लेख प्राकृतात आहेत, दाने बौद्ध संघाला दिलेली आहेत आणि जुन्नरच्या यवनांची नावे चिट आणि चंद अशी आहेत. वसाहत करून राहणाऱ्यांची ही रीत नव्हे.

गिऱ्हाइकाच्या पारखीचा सर्वात स्पष्ट पुरावा एका व्यापाऱ्याने लिहून ठेवला आहे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे ग्रीक पुस्तक इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका अनाम व्यापाऱ्याने रचले. ते प्रवासवर्णन नव्हे. कोणत्या बंदरात काय विकले जाते, हे सहव्यापाऱ्यांना सांगणारी ती मार्गदर्शिका आहे. भडोचच्या आयातीची यादीच वाइनने सुरू होते, आणि नुसते ‘वाइन’ म्हणून लेखक थांबत नाही. मुख्यतः इटलीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची, अशी प्रतवारी तो देतो. लाओडिकिया म्हणजे सीरियाच्या किनाऱ्यावरील आजचे लताकिया. तेथील वाइन अलेक्झांड्रियाला जाते, असे स्ट्रॅबोने नोंदले आहे.

इटलीच्या वाइनचा मार्ग नकाशावर पाहण्यासारखा आहे. नेपल्सच्या उपसागरातून अलेक्झांड्रिया, तेथून नाईलने कोप्टोस, मग उंटांच्या पाठीवर १२ दिवसांचे वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरचे बेरेनिके बंदर. तेथून जुलैच्या सुमारास निघालेले गलबत मोसमी वाऱ्यावर भडोचला पोहोचे. एका अँफोरात, म्हणजे दोन कानांच्या उभ्या मातीच्या कुंभात, साधारण २६ लिटर वाइन मावे. कुंभाचे वजन वेगळेच. बेरेनिकेच्या उकिरड्यांत शाईने लिहिलेली खापरे मिळाली आहेत. ते जकातीचे परवाने आहेत, आणि त्यांवर ‘इतालिका’ व ‘लादिकेना’ हीच नावे पुन्हा पुन्हा येतात. पुस्तकातील प्रतवारी आणि बंदरातील खापरे एकमेकांची साक्ष देतात.

आता या यादीत काय नाही, तेही पाहावे. इजिप्तची वाइन नाही. अलेक्झांड्रियाजवळ मारेओटिस सरोवराच्या काठी आणि फायूममध्ये भरपूर द्राक्षमळे होते. तो माल व्यापाऱ्याच्या दारातच होता आणि वाहतुकीला कितीतरी स्वस्त पडला असता. गिऱ्हाईक अडाणी असते, ‘यवनांचे पेय’ एवढ्यावरच भाळले असते, तर कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याने हीच वाइन कुंभांत भरून भडोचला उतरवली असती. तसे केल्याची नोंद पेरिप्लसमध्ये नाही. समुद्रापलीकडची इटालियन वाइन आणणे त्याला भाग पडले, कारण घेणाऱ्याला फरक कळत होता.

ही वाइन बंदरातील परदेशी खलाशांसाठीच असेल, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर त्याच पुस्तकात आहे. केरळच्या मुझिरिस बंदराच्या यादीत गहू येतो, आणि तेथे लेखक मुद्दाम सांगतो की हा गहू जहाजावरील लोकांपुरता आहे, स्थानिक व्यापारी तो वापरत नाहीत. स्वतःच्या शिध्याचा माल आणि विकायचा माल यांतला भेद त्याला चांगला ठाऊक होता. वाइनबद्दल असा शेरा तो मारत नाही. शिवाय भडोचच्या राजासाठी नेण्याच्या वस्तूंत ‘उंची वाइन’ वेगळी नोंदली आहे. तो राजा क्षहरात क्षत्रप नहपान. त्याला सातवाहन समजण्याची गफलत वारंवार होते. मुद्दा असा की एकाच बंदरात बाजाराची वाइन निराळी आणि दरबाराची निराळी होती.

त्याच काळात पाँपेईतील एका मद्यालयाच्या भिंतीवर दर लिहिलेले होते: साधी वाइन एका आसला, चांगली दोन आसला आणि फालेर्नियन चार आसला. आस म्हणजे रोमनांचे तांब्याचे नाणे. फालेर्नियनचे मळे कांपानियाच्या उत्तर सीमेवर होते. हा भिंतीवरचा मजकूर ‘युरोपची वाइनसंस्कृती’ म्हणून पुस्तकांत छापला जातो. भडोचची यादी मात्र ‘रोमन निर्यात’ या प्रकरणात जाते. दोन्हींत गोष्ट एकच आहे: पिणारा प्रत ओळखतो आणि तिची किंमत देतो.

गावाच्या नावावरून वाइन ओळखण्याची कल्पनाही फ्रान्समध्ये जन्मलेली नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुराध्यक्ष प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे प्रकार उत्पत्तीच्या देशावरून सांगितले आहेत: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. त्या नावापासून शब्द साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिले आहे, आणि काशिकावृत्तीने उदाहरणे दिली ती नेमकी मधाची आणि द्राक्षाची. येथे मध म्हणजे मधमाशीचा नव्हे. व्याकरण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण चटकन समजेल असे वृत्तिकारांना वाटले, हेही ध्यानात घ्यावे.

अर्थशास्त्रातील तोच अधिकारी बिघडलेल्या मद्याचेही नियम सांगतो. चांगली सुरा कमी भावाने वा उधारीवर देऊ नये. बिघडलेली असेल तर ती अन्यत्र विकावी, दास-कामकऱ्यांना वेतनात द्यावी, गाडीच्या जनावरांना पाजावी किंवा डुकरांना घालावी. नियम दासांच्या दृष्टीने क्रूर आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. परंतु चांगले कोणते आणि बिघडलेले कोणते हे चाखून ठरवणारी व्यवस्था असल्याविना असा नियम लिहिलाच जात नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. दारूच्या दुष्परिणामांचा प्रश्न गंभीर आहे आणि त्यावर विरोध करणाऱ्यांना प्राचीन इतिहासाची गरज नाही. पण ‘ही आपली संस्कृतीच नव्हे’ असे विरोधक म्हणाले आणि ‘आता आपणही जगासारखे आधुनिक होऊ’ असे समर्थक म्हणाले. वाइन काल-परवा पश्चिमेकडून आली, यावर दोघांचेही एकमत होते. इतिहासाला वादात ओढायचेच असेल, तर निदान तो वाचून ओढावा.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे, अन्यथा हा युक्तिवादही उलट बाजूची फुशारकी ठरेल. महाराष्ट्रात नेवासे, तेर, जुन्नर अशा ठिकाणच्या अँफोरांच्या तुकड्यांची यादी मोठ्या अभिमानाने दिली जाते. रोबर्टा टोंबर यांनी भारतातील असे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतील पुष्कळसे रोमन नसून मेसोपोटेमियाच्या लांबट कुंभांचे निघाले. हे कुंभ आतून डांबराने लिंपलेले असत आणि त्यांतील बरेच रोमन व्यापार ओसरल्यानंतरच्या काळातले आहेत. म्हणजे जो माल ‘रोमन’ म्हणून मिरवला जातो, त्याचा मोठा भाग इराणच्या आखातातून येत होता. इराणच्या आखाताकडून भडोचला वाइन आणि खजूर जात, असे पेरिप्लसही सांगतो. दख्खनच्या गिऱ्हाइकासमोर एकच दुकान नव्हते.

कोल्हापूरचा प्रदेश तेव्हा ‘कुर’ नावाच्या राजांचा होता. विळिवायकुर आणि सिवलकुर यांची नाणी येथे सापडतात, आणि इ.स. १५०च्या सुमारास टॉलेमीने बालेओकुरोस या राजाचे नाव लिहिले, ते याच विळिवायकुराचे मानले जाते. कोकणातील बंदरांवरून घाट चढून आलेला माल याच नगरात पोहोचत असे. कुंदनगार संचयातील बहुतेक वस्तू स्थानिक कारागिरांनी घडवलेल्या आहेत; पाठीवर माणसे बसलेला छोटा ब्राँझचा हत्तीही त्यांतलाच. इटलीची म्हणता येतील अशी भांडी मोजकीच आहेत, आणि ती या स्थानिक भांड्यांच्या सोबत, त्याच टेकडीवर ठेवलेली सापडली.