आखणी आणि ऐनवेळ

तुमच्यापैकी पुष्कळजणांच्या घरी भिंतीवर एक वेळापत्रक चिकटवलेले असेल. पहाटे ५ वाजता उठणे, साडेपाच ते सात गणित, सात ते आठ इंग्रजी, असे करत करत रात्री १० वाजता झोपणे. मधली एकही ओळ रिकामी नसते. रंगीत पेनांनी आखलेले हे वेळापत्रक पाहून घरातली मोठी माणसे खूश होतात. तिसऱ्या दिवशी मामू मुलांना घेऊन येतात, किंवा वीज जाते. एक तास चुकतो आणि त्याच्यामागून पुढचे सगळे तास कोसळतात. मग विद्यार्थी म्हणतो, "आपल्याला वेळापत्रक जमतच नाही. मन लागेल तेव्हा अभ्यास करू."

मला ते भरगच्च वेळापत्रकही पटत नाही आणि हे 'मन लागेल तेव्हा'ही पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी तुम्हाला महाबळेश्वरला नेतो.

महाबळेश्वर हे सातारा जिल्ह्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण. सहलीला गेलेली माणसे तिथून स्ट्रॉबेरीचा डबा घेऊन परततात. भारतात पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा भाग महाबळेश्वर, पाचगणी आणि आसपासच्या गावांतून येतो. २०१० साली या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ते लाल फळ तुमच्या हातात येण्यापूर्वी किती महिने तयारी चालते, ठाऊक आहे? मातृरोपे परदेशातून मागवतात. त्यांच्यापासून नवी रोपे वाढवतात. पाऊस ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफे करायचे, त्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, ठिबकच्या नळ्या टाकायच्या आणि लागवड करायची. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी फळ. यातली एक पायरी महिनाभर लांबली तर हंगाम हातचा जातो. मन लागेल तेव्हा लावून स्ट्रॉबेरी पिकत नाही.

मात्र फळ धरले की गोष्ट बदलते. आंबा कच्चा उतरवून अढीत पिकवता येतो. स्ट्रॉबेरीचे तसे नाही. तोडल्यावर तिची गोडी वाढत नाही, आणि पूर्ण पिकलेले फळ फार टिकतही नाही. म्हणून मुंबई-पुण्याला पाठवायचे फळ थोडे आधी तोडावे लागते. रस्त्याकडेला विकायचे फळ पूर्ण लाल होऊ देता येते. लहान, वेडेवाकडे फळ जॅमच्या कारखान्याकडे जाते. आज कोणते फळ तोडायचे आणि किती कुठे धाडायचे, हे रोज सकाळी रोपाजवळ वाकून ठरते. रात्री थंडी किती पडली? ढग आले आहेत का? सुट्टीचा दिवस आहे, पर्यटक किती येतील? याची उत्तरे ऑगस्ट महिन्यात कागदावर लिहून ठेवता येत नाहीत. ऐनवेळी ठरवणे याला म्हणतात. आणि असे ठरवण्याची संधी कोणाला मिळते? ज्याने वेळेवर लागवड केली त्यालाच. ज्याचे वावर रिकामे आहे त्याने सकाळी उठून काय ठरवायचे?

आता कुणी हुशार विद्यार्थी विचारील, "सर, एवढी आखणी करूनही सगळे बुडाले तर?" प्रश्न रास्त आहे, कारण तसे घडलेले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा स्ट्रॉबेरीचा हंगाम चालू होता. पर्यटक थांबले, वाहतूक अडली. सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने आपली स्ट्रॉबेरी गाईला चारली, ही बातमी तेव्हा दूरदूरच्या देशांत वाचली गेली. त्या शेतकऱ्याची आखणी चुकली होती, असे मी म्हणणार नाही. काही नुकसान कुठल्याच आखणीने टळत नाही, हे मान्यच करायला हवे. पण त्याच वर्षी पाऊस ओसरल्यावर त्या डोंगरात पुन्हा वाफे तयार झाले, पुन्हा रोपे लागली.

महाबळेश्वरला येणाऱ्या पाहुण्यांकडेही जरा पाहा. काहीजण यादी घेऊनच येतात. सकाळी विल्सन पॉइंटवर सूर्योदय, मग ऑर्थर सीट, मग केट्स पॉइंट, संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्त. ऑर्थर सीटला धुके असले की ही मंडळी चिडतात, फोटो काढतात आणि गाडीत बसतात. थोडे थांबले असते तर कदाचित धुके विरले असते आणि खाली सावित्री नदीचे खोरे दिसले असते. पण यादीत थांबण्यासाठी जागाच नसते. दुसरे काही जण मे महिन्याच्या ऐन गर्दीत, खोलीची चौकशीही न करता, 'निघू या, मजा येईल' म्हणत निघतात. मजा त्यांना येत असेल. रात्री अकरा वाजता झोपलेले मूल खांद्यावर घेऊन दारोदार खोली विचारणाऱ्या आईला कोणती मजा येते, हे त्यांनी तिलाच विचारावे.

मला सांगायचे आहे ते हेच. आपल्या 'अचानक'चा भार पुष्कळदा दुसऱ्यावर पडतो. रात्री नऊ वाजता मुलगा म्हणतो, "अम्मी, उद्या तक्ता द्यायचा आहे, कागद नाही." शिक्षकांनी तक्ता आठ दिवसांपूर्वी सांगितलेला असतो. मग दिवसभर थकलेले अब्बा पुन्हा चपला घालतात आणि उघडे दुकान शोधत फिरतात. मुलगा स्वतःला मनमौजी म्हणवतो आणि त्याची किंमत अब्बा मोजतात. इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. 'इन्शाअल्लाह' हा शब्द आपण काम करण्याचा इरादा सांगताना म्हणतो. काही मुले तो काम टाळण्यासाठी वापरतात, ते मला मुळीच आवडत नाही.

ऐनवेळेसाठी तयार राहावे कसे, हे शिकायला खरे तर महाबळेश्वरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. रमजानचा शेवटचा आठवडा आठवा. सहेरी आणि इफ्तारच्या वेळा मिनिटांसह छापलेल्या असतात. पण ईद उद्या की परवा, हे २९ व्या रोजाच्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर ठरते. म्हणून घरातल्या बायका काय करतात? शेवया, खारीक, सुका मेवा आधीच आणून ठेवतात. दर्ज्याकडून कपडे आलेले असतात. चंद्र दिसला तर रात्रीच शीरखुर्म्याची तयारी सुरू. नाही दिसला तर तोच डबा आणखी एक दिवस फळीवर राहतो, आणि घर ३० व्या रोजाला लागते. कुणी चंद्रावर रागावत नाही.

तुमच्या वेळापत्रकातही असा डबा फळीवर ठेवता येईल. परीक्षेची तारीख, तक्ता देण्याचा दिवस, रोजचे थोडे गणित, या लागवडीच्या गोष्टी. त्या पक्क्या ठेवा आणि लवकर करा. बाकीच्या दिवसात निदान एक तास कोरा सोडा. घरातले विचारतील, "हा तास रिकामा का?" सांगा, मामू येतील त्या दिवसासाठी. वीज जाईल त्या दिवसासाठी. एखादे गणित अडून बसेल त्या दिवसासाठी. आणि मामू आले नाहीत, वीज गेली नाही, गणितही सुटले, तर तो तास तुमचा. त्यात काय करायचे, ते मी सांगणार नाही.