बी, जमीन आणि द्राक्षगर्भ



मागच्या महिन्यात आमच्या आरोग्य शिबिरात एक सून सासूबरोबर आली होती. तिसऱ्या महिन्यात अंगावरून जायला लागलं, सोनोग्राफीत मूल दिसलंच नाही. पिशवीत द्राक्षाच्या घडासारखे नुसते फुगे. डॉक्टरांनी पिशवी साफ केली, कागदावर ‘द्राक्षगर्भ’ लिहिलं आणि घरी पाठवलं. सासू मला म्हणाली, “ताई, माझ्या लेकाचं बी चांगलं होतं. हिची जमीनच निकस.”

हे वाक्य आपल्याला नवं नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बाई म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज. लीला दुबे यांनी १९८६ सालच्या निबंधात याच रूपकाची चिकित्सा केली. बी ज्याचं, पीक त्याचं. मुलांवर आणि मालमत्तेवर बाईचा हक्क नाकारायला हे रूपक फार सोयीचं.

आता द्राक्षगर्भाचं. १९७७ साली काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी दाखवलं की त्यातली गुणसूत्रं बापाकडूनच आलेली असतात. स्त्रीबीजातली आईची गुणसूत्रं नाहीशी झालेली असतात आणि बहुधा एकाच शुक्रजंतूची दुप्पट होतात. आकडा बरोबर ४६ भरतो. तरी मूल होत नाही. वारेच्याच पेशी बेसुमार वाढतात.

असं का, याचा उलगडा १९८४ च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांतून झाला. केंब्रिजला अझीम सुरानी आणि अमेरिकेत मॅकग्राथ व सोल्टर यांनी गर्भात दोन्ही संच आईचे किंवा दोन्ही बापाचे ठेवून पाहिले. दोन्ही आईचे, तर गर्भ थोडा वाढे पण वार खुरटी. दोन्ही बापाचे, तर वारेचा भाग वाढे, गर्भ खुंटे. एकही जगला नाही. कारण काही जनुकांवर ती आईकडून आली की बापाकडून, याचा रासायनिक ठसा असतो आणि त्याप्रमाणे एक प्रत गप्प राहते. माणसाच्या सुमारे वीस हजार जनुकांपैकी अशी शंभरेक.

हा ठसा सगळ्या अवयवांत सारखा चालत नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. यूबीई३ए हे जनुक मेंदूच्या चेतापेशींत फक्त आईकडून आलेल्या प्रतीवर चालतं, शरीरात इतरत्र बहुतेक ठिकाणी दोन्ही प्रतींवर. आईकडची प्रत बिघडली की मुलाला अँजेलमन विकार होतो: बोलणं जवळजवळ येत नाही, फिट्स येतात. इथेही बोट आईकडेच जाणार, म्हणून सांगते, बहुतेकदा हा बिघाड नव्यानेच झालेला असतो. तिने काही खाल्ल्या-केल्याचा तो परिणाम नव्हे.

बापाची जनुकं आईकडून जास्त ओढू पाहतात, आईची हात आखडता घेतात, असा डेव्हिड हेग यांचा सिद्धांत आहे. त्याने पुष्कळ गोष्टींची संगती लागते. पण लगेच ‘गर्भातलं स्त्री-पुरुष युद्ध’ अशी शीर्षकं देणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ठसा पिढीगणिक पुसून नव्याने उमटतो. मुलाला आईकडून मिळालेलं जनुक त्याच्या शुक्रजंतूत गेलं की त्यावर बापाचा ठसा पडतो.

हेच मी सासूला सांगितलं. “दोष तुमच्या लेकात” असं म्हणायचा मोह झाला होता, पण तो खोटेपणा झाला असता. त्यात दोष कुणाचाच नाही. म्हटलं, “मावशी, लेकाच्या बियात निम्मं तुमचंच आहे.” ती बराच वेळ गप्प बसली.

या वादात महत्त्वाचं राहूनच गेलं होतं. द्राक्षगर्भानंतर काही महिने रक्तातलं एचसीजी पुन्हा पुन्हा तपासावं लागतं आणि डॉक्टर सांगेपर्यंत दिवस राहू द्यायचे नसतात. काही बायकांत ही वाढ पुन्हा सुरू होते, कॅन्सरही होतो. वेळेत कळलं तर जवळजवळ नेहमी बरा होतो. सुनेला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तपासणी तालुक्याला होते, जाऊन येण्यात दिवस मोडतो. पहिल्या खेपेला मी गेले. पुढच्या मंगळवारी सासू जाणार आहे.