वाघीण आणि तिचे माप

आगगाडी स्थानकात शिरू लागली म्हणजे फलाटावरील सर्वांचे डोळे प्रथम इंजिनाकडे वळतात. त्याचा आवाज, त्याचा वेग आणि त्याचा दिमाख पाहून लहानथोर सारेच मोहून जातात. परंतु मालगाडी येते आहे असे कळताच तेच लोक मान फिरवितात. मळकट, लांबलचक आणि एकसारख्या डब्यांची ती रांग केव्हा एकदा निघून जाते, असे त्यांना होते. या मालडब्याला आपल्या भाषेने मात्र मोठे भारदस्त नाव दिले आहे. ते नाव म्हणजे 'वाघीण'. इंग्रजीतील 'वॅगन' हा शब्द लोकांच्या जिभेवर घोळता घोळता वाघीण झाला. ही वाघीण डरकाळी फोडीत नाही. ती मुकाट्याने देशाचे ओझे वाहते.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांना छोटी आगगाडी तयार करण्याची हौस असेल. अशा हौशी मुलाने इंजिनाने नव्हे, तर वाघिणीने प्रारंभ करावा, असे माझे मत आहे. ती वाघीण बाजारातून तयार आणू नये. सुट्या भागांतून आपल्या हातांनी जोडावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिचे माप कसोशीने पाळावे. हे मत कोणाला चमत्कारिक वाटेल, म्हणून त्यामागील कारणे येथे क्रमाने सांगतो.

पहिले कारण आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. मुंबई आणि ठाणे यांच्या दरम्यान 16 एप्रिल 1853 रोजी आगगाडी धावली आणि 1867 साली भुसावळहून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही आपल्या जिल्ह्यातील स्थानके याच मार्गावर आहेत. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. खामगाव ही त्या कापसाची मोठी पेठ होती. परंतु मुख्य लोहमार्ग खामगावपासून दूर राहिला होता. म्हणून जलंब ते खामगाव अशी सुमारे 13 किलोमीटरांची शाखा बांधण्यात आली आणि 1870 साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी तिचे उद्घाटन केले. प्रवाशांच्या सुखासाठी नव्हे, तर मुख्यतः कापसाच्या सोयीसाठी हा मार्ग झाला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील ही शाखा खऱ्या अर्थाने वाघिणींनीच आणली. ज्या वाहनाने आपल्या काळ्या मातीचे पीक समुद्रापलीकडे नेले, त्याकडे पाठ फिरविणे आपल्याला शोभत नाही.

दुसरे कारण शिक्षणाचे आहे. तयार खेळणे आपल्याला आनंद देते; परंतु आपले अंतरंग ते उघड करीत नाही. सुट्या भागांचा संच हाती आला म्हणजे मात्र वस्तूचे कोडे आपोआप उलगडू लागते. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी नावाच्या एका कारकुनाने आपल्या मुलांसाठी भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या केल्या. त्या मळसूत्रांनी जोडून हवी ती वस्तू उभी करता येई. 1901 साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले आणि पुढे 'मेकॅनो' या नावाने ती जगभर गेली. एकच पट्टी आज पुलात बसते आणि उद्या यारीत, हे पाहून मुलांना यंत्राची रचना कळू लागली. वाघिणीचा संचही असाच असतो. त्यात एक तळ, दोन लांब बाजू, दोन आखूड बाजू, चाकांचे दोन सांगाडे, आस, चाके आणि दोन टोकांना जोडण्या असतात. चाकांच्या अशा सांगाड्यास बोगी म्हणतात.

हे भाग जोडणे वाटते तितके सोपे नाही. बाजू चिकटविताना काटकोन जरासा चुकला, तर चौथी भिंत मिळतच नाही. म्हणून सुतार वापरतो तो गुण्या येथेही लावावा लागतो. वाघीण पुरी झाली की ती काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून पाहावी. आठही चाके काचेला टेकली, तर काम साधले. ती डुगडुगली, तर कोठेतरी पीळ राहिला आहे असे समजावे. अनुभवी कारागीर याकरिता एक युक्ती योजतात. ते एक बोगी केवळ डावीउजवीकडे वळेल एवढीच मोकळी ठेवतात आणि दुसरी किंचित डोलेल अशी बसवितात. तीन पायांची तिवई उंचसखल जमिनीवरही लंगडत नाही. वाघिणीचा भारही अशाच रीतीने तीन ठिकाणी टेकतो आणि ती रुळावरून घसरत नाही. भूमितीच्या पुस्तकातील प्रमेय अशा वेळी बोटांना समजते, आणि बोटांना समजलेले सहसा विसरत नाही.

परंतु संच जोडून थांबणे मला अपुरे वाटते. संचात विचार दुसऱ्याने केलेला असतो. आपण केवळ त्याच्या मागून जातो. शिवाय येथे एक मोठी अडचण उभी राहते. परदेशात सर्वांत अधिक रूढ असलेल्या छोट्या गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या असतात आणि त्यांच्या दोन रुळांमधील अंतर 16.5 मिलिमीटर असते. युरोप व अमेरिका येथील बहुतेक लोहमार्गांवर हे अंतर 1435 मिलिमीटर आहे. त्याला 87 ने भागले म्हणजे 16.5 येतात. आपला रुंदमापी लोहमार्ग मात्र 1676 मिलिमीटरांचा आहे. त्याला 87 ने भागले तर 19 मिलिमीटरांहून थोडे अधिक येते. याचा अर्थ असा की, परदेशी चाकांवर आपली वाघीण त्याच प्रमाणात बसविली, तर ती आपली राहत नाही. रंग आपला आणि पाय परके, अशी तिची गत होते.

यावर उपाय साधा आहे. प्रमाण शंभरास एक असे धरावे. मग 1676 मिलिमीटरांचे 16.76 होतात आणि 16.5 मिलिमीटरांचे रूळ जवळजवळ बरोबर जुळतात. फरक राहतो तो केवळ पाव मिलिमीटराचा. शिवाय शंभराने भागणे तोंडीही जमते. आपल्या देशात कोळसा वाहणारी एक उघडी वाघीण 'बॉक्सएन' या नावाने ओळखली जाते. जोडण्यांसकट तिची लांबी 10,713 मिलिमीटर, रुंदी 3,200 आणि उंची 3,225 मिलिमीटर आहे. शंभराने भागताच लांबी 107, रुंदी 32 आणि उंची सुमारे 32 मिलिमीटर, असा आराखडा तयार होतो. जाड पुठ्ठा, फूटपट्टी, धारदार कात्री आणि डिंक एवढ्या सामग्रीवर ती उभी करता येते. याच प्रमाणाने जलंब ते खामगाव हा मार्ग 130 मीटरांचा होईल, म्हणजे तो शाळेच्या मैदानावर चुन्याने आखताही येईल!

लांबी शंभराने भागली, म्हणून वजनही शंभराने भागावे काय? नाही. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही शंभरपट लहान झाल्या, तर घनफळ दहा लक्ष पटींनी लहान होते. भरलेल्या बॉक्सएन वाघिणीचे वजन सुमारे 81 टन असते; आपल्या प्रमाणात ते सुमारे 81 ग्रॅम होईल. रिकामी वाघीण सुमारे 22 टनांची, म्हणून तिचा नमुना 22 ग्रॅमांचा. पुठ्ठ्याची वाघीण फार हलकी झाली तर ती वळणावर उलटते. तेव्हा तळाशी लोखंडाचा लहानसा तुकडा बसवून वजन पुरे करावे. घनफळाचा हा नियम फळ्यावर वाचणे वेगळे आणि तराजूच्या पारड्यात पाहणे वेगळे.

वजनाबरोबर जागेचाही विचार करावा लागतो. सरकी काढलेली रुई मोकळी भरली, तर वाघीण काठोकाठ भरूनही वजनाने हलकीच राहील आणि तिची फेरी वाया जाईल. म्हणून रुई दाबून तिच्या घट्ट गाठी बांधतात. कापसाच्या पेठांत गाठी बांधण्याचे कारखाने का उभे राहिले, याचे उत्तर वाघिणीच्या पोटात सापडते.

आता मापाच्या आग्रहाचे खरे कारण सांगतो. खऱ्या वाघिणीची जोडणी रुळापासून सुमारे 1.1 मीटर उंच असते. आपल्या प्रमाणात 11 मिलिमीटर. समजा, एका वर्गातील मुलांनी प्रत्येकी एक वाघीण करावयाचे ठरविले. एकाने जोडणी 11 मिलिमीटरांवर बसविली आणि दुसऱ्याने 'चालेल' म्हणून 15 मिलिमीटरांवर बसविली. दोन्ही वाघिणी कपाटात सुंदर दिसतील. परंतु त्यांची गाडी कधीच होणार नाही. उलट सर्वांनी माप पाळले आणि 58 वाघिणी झाल्या, तर खऱ्या मालगाडीएवढीच रांग तयार होईल आणि तिची लांबी सहा मीटरांहून थोडी अधिक भरेल. आसामातील वाघीण विदर्भातील वाघिणीला जोडता येते, कारण त्या करणाऱ्या माणसांनी, एकमेकांना कधीही न पाहता, एकच माप मानले आहे. माप म्हणजे केवळ आकडा नव्हे. तो एका कारागिराने दुसऱ्याला दिलेला शब्द आहे. 'चालेल' या शब्दाने तो मोडतो.

या मतावर आक्षेप येतील, हे मी जाणून आहे. कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा खेळ आहे. परदेशी संच महाग असतात, हे खरे. पण पुठ्ठ्याच्या वाघिणीला पैशांपेक्षा धीर अधिक लागतो. कोणी म्हणेल, यात अभ्यासाचा वेळ जातो. भागाकार, काटकोन, घनफळ, इतिहास आणि भूगोल ज्या कामात एकत्र येतात, त्याला अभ्यास म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे? तिसरा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही तेथे रेल्वेचे स्थानक नाही. चिखली, मेहकर, लोणार या भागांतील मुलांना आगगाडी पाहण्यासाठी दूर जावे लागते. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यान्पिढ्या होत आली आहे. मग ज्यांच्या गावी रूळच नाहीत, त्या मुलांनी वाघीण का करावी? माझे उत्तर असे की, त्यांनी तर ती अवश्य करावी. जी वस्तू दारात नाही, ती नीट जाणून घेतल्याखेरीज तिची मागणीही नीट करता येत नाही. आपल्या गावचे सोयाबीन, कापूस किंवा मका किती वाघिणींत मावेल, हा हिशेब मांडू शकणारी मुलेच उद्या आपल्या भागाची बाजू आकड्यांनिशी मांडतील.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. माप घेण्यासाठी कोणीही रुळांवर उतरू नये, उभ्या वाघिणीवर चढू नये किंवा तिच्याखाली शिरू नये. वरच्या तारेतून 25,000 व्होल्ट दाबाची वीज वाहत असते. तिच्या नुसत्या जवळ जाणेही प्राणघातक ठरते. फलाटावर सुरक्षित अंतरावर उभे राहून निरीक्षण करावे. वाघिणीच्या अंगावर तिचे रिकामे वजन आणि भार वाहण्याची क्षमता लिहिलेली असते; ती वहीत टिपून घ्यावी. पुण्यास जाण्याचा योग आला, तर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय अवश्य पाहावे. 1998 साली ते लोकांसाठी खुले झाले. एका माणसाची हौस चिकाटीने जोपासली तर कोठवर जाते, याचा तेथे प्रत्यय येतो.

इंजिन एकटेही धावू शकते आणि म्हणून त्याचा तोरा असतो. वाघीण एकटी कोठेच जात नाही. तिला पुढे एक आणि मागे एक अशी सोबत लागते आणि त्या सोबतीसाठी तिला मापात राहावे लागते. समाजातही पुढारी थोडे आणि भार वाहणारे पुष्कळ असतात. देश चालतो तो या पुष्कळांनी आपापले माप पाळल्यामुळे. म्हणून मुलांनो, पुठ्ठा समोर घ्या, पट्टी नीट धरा आणि पहिली रेघ ओढण्यापूर्वी मोजमाप दोनदा तपासा. तुमच्या हातची वाघीण दुसऱ्याच्या वाघिणीला सहज जोडली गेली, तर तुमचे शिक्षण योग्य रुळावर आहे, असे खुशाल समजा.