पिन बदलली, व्होल्टेज नाही!

आत्या अमेरिकेहून आली तेव्हा आईसाठी कॉफीमेकर घेऊन आली. त्याची पिन चपटी, आपल्या सॉकेटमध्ये जाईना. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ॲडॉप्टर आणला, पिन बसवली आणि ऐटीत बटण दाबलं. मिनिटभरात जळका वास, एमसीबी खाली, स्वयंपाकघरात अंधार. आणि त्या अंधारातून आत्याचा आवाज, "अरे, तू इलेक्ट्रिकलला आहेस ना?"

इतका गप्प मी व्हायव्यातसुद्धा झालो नव्हतो.

कॉफीमेकरच्या बुडाशी स्वच्छ लिहिलं होतं : १२० व्होल्ट, ९०० वॅट. म्हणजे कॉइलचा रेझिस्टन्स १६ ओहम. आपल्या २३० व्होल्टवर व्ही स्क्वेअर भागिले आर केलं की येतात ३३०० वॅट. जवळजवळ चौपट! हे गणित मी फर्स्ट इयरला पैकीच्या पैकी मार्कांनी सोडवलंय, पण वस्तू उलटी करून बघायचं काही सुचलं नाही.

माझ्या मते घोळ आपल्या चार्जरने केलाय. लॅपटॉप, मोबाईलच्या चार्जरवर बहुधा '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' छापलेलं असतं. आतली सर्किट कुठलंही व्होल्टेज पचवते, त्याला फक्त पिन बदलून हवी असते. पण श्रेय जातं ॲडॉप्टरला! वास्तविक तो बिचारा नुसता पत्र्याचे तुकडे जोडतो. स्वस्तातल्या काही ॲडॉप्टरमध्ये तर अर्थिंगच्या जाड पिनेसाठी भोक असतं, आणि त्याच्यामागे काहीच नसतं. अशावर लोखंडी बॉडीची इस्त्री लावणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

उलटी गंमत एमएसला जाणाऱ्या सिनिअर्सची. दाण्याच्या कुटासाठी इथून मिक्सर नेतात. १२० व्होल्टवर तो कण्हत फिरतो. १००० वॅटची हॉटप्लेट नेली तर ती तिथे २७२ वॅट देते, म्हणजे भात व्हायच्या आत सेमिस्टर संपेल. मग स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर न्यावा म्हणावं, तर मिक्सरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर कित्येक किलोंचा. २३ किलोच्या बॅगेत मग लोणचं, पापड, मेतकूट कुठे ठेवायचं? मिक्सर सरळ तिकडेच घ्यावा हे उत्तम.

आपल्याला ट्रान्सफॉर्मरचा फेजर डायग्राम झोपेतही काढता येतो, कारण जर्नलं कॉपी करून हात बसलाय. त्यातलं एक प्रॅक्टिकल कमी करा आणि प्रत्येकाला घरातली एक वस्तू आणून तिची नेमप्लेट वाचायला लावा, असं मी सरांना सुचवलं. सर हसले. "सबमिशन पूर्ण आहे का?" म्हणाले. असो.

परवा आत्याचा पुन्हा फोन आला. "या खेपेला काय आणू रे?"

म्हटलं, "काहीही आण, पण आधी त्याच्या बुडाचा फोटो पाठव."