निजामाचा मुलकी आणि आजचा स्थानिक

बीदर आणि कलबुर्गीत ‘आपला कोण, बाहेरचा कोण’ हा वाद जुना आहे. आज कर्नाटकात असलेले हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तिथे सरकारी नोकरी मुलकी, म्हणजे संस्थानातल्याच माणसाला, असा दंडक होता. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांनी वरच्या जागा अडवल्या, ही तक्रार त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. पण १९१९च्या फर्मानाने बाहेरच्याला दार कायमचे बंद केले नाही. संस्थानात १५ वर्षे कायमचे वास्तव्य केलेल्याने मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र दिले की तोही मुलकी ठरत असे.

जुलै २०२४मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने मंजूर केलेले आणि उद्योगांनी ओरड करताच बाजूला ठेवलेले विधेयक याच्याशी ताडून पाहावे. खासगी आस्थापनांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना मिळणार होत्या. स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, शिवाय १५ वर्षे राहिलेला, शिवाय कन्नड लिहिता-वाचता-बोलता येणारा. दहावीला कन्नड नसेल तर परीक्षा. निजामाला जन्म किंवा वास्तव्य यांपैकी एक पुरत होते. लोकशाही सरकारला दोन्ही हवे होते, वर भाषाही. सीमेवर जन्माची ही अट कशी जाचते ते पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना होताना बीदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. सोयरीक मात्र सीमेवर थांबली नाही. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत असल्याने औरादच्या घरातले मूल उदगीरला जन्मते. जन्माची अट अक्षरशः लावली, तर ते आयुष्यभर औरादेत राहूनही परके ठरेल.

मागास भागातल्या मुलांनी मग जायचे कुठे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर राज्यघटनेत आहे. २०१२च्या ९८व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३७१ञ बीदर-कलबुर्गीच्या भागाला सरकारी नोकऱ्यांत आणि शिक्षणात राखीव वाटा देते, आणि त्यासाठी जन्म किंवा अधिवास यांपैकी एक पुरेसे मानते. भाषेचा आग्रहही तलाठ्याच्या किंवा पोलिसाच्या जागेसाठी योग्यच, कारण त्याचा रोजचा व्यवहार लोकांशी असतो. कारखान्यातल्या फिटरला तीच अट कशासाठी?

शिवाय ही गाळणी सर्वांना सारखी लागत नाही. १९०४मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालने सोन्याच्या खाणींसाठी चिनी मजूर आणले, पण त्यांना कुशल कामाची मनाई आणि करार संपताच परत जाण्याची सक्ती केली. घाम हवा होता, माणूस नको होता. आपल्याकडेही ऊसतोड टोळी सीमा ओलांडते तेव्हा मुकादम तिचा जन्मदाखला मागत नाही. अटी आठवतात त्या पगारी, टिकाऊ नोकरीच्या वेळी. विधेयक पुन्हा आलेच, तर त्यात ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ हवे: राज्यात जन्म किंवा ठरावीक वर्षांचे वास्तव्य. स्थानिकांचे हित त्याने कमी होत नाही, आणि सीमेवरचे घर आपल्याच मुलखात उपरे होत नाही.