वीतभर अंतरावरून

माझ्या ८५ वर्षांच्या सासूबाई ओव्या मराठीत म्हणतात, बीसुकल्लिन पद कन्नडात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या चमूने गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या; घरातल्या मात्र आपणच जपायच्या. सुरतजवळच्या आमच्या पलसाण्यात महामार्गाची घरघर रात्रीही असते, तरी साधा यूएसबी माइक पुरतो. पंखा बंद करावा, खिडकीवर गोधडी टांगावी. माइक दुमडलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला ठेवावा. म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. संगणकात इनपुट म्हणून तोच निवडावा, आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नये. मिनिटभर मुद्रण करून हेडफोनवर ऐकावे. फाइल दोन ठिकाणी ठेवावी. नातवंडे गुजरातीत वाढतील; अज्जीचा हेल तरी त्यांच्या कानी राहू दे.