नकाशावरचा ठिपका आणि कुणाचंतरी रान

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या भोसरीच्या घरात एक चमत्कारिक प्रश्न विचारला जातो. नातू स्वयंपाकघराच्या दारातून ओरडतो, "आजोबा, डाऊ उघडला का?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींच्या हातातली पळी आमटीतच राहिली. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं निवृत्तीची पुंजी अमेरिकेच्या शेअरबाजारात घातली, असाच तिचा समज झाला. तिची समजूत घालायला मला अर्धा तास लागला. खरा प्रकार सांगितल्यावर ती म्हणाली, "यापेक्षा शेअर घेतले असते तर बरं झालं असतं."

खरा प्रकार असा. अमेरिकेत रँडल मन्रो नावाचा एक व्यंगचित्रकार आहे. मे २००८ मध्ये त्यानं आपल्या चित्रमालिकेतून एक खेळ मांडला. त्या दिवसाची तारीख घ्यायची, तिला डाऊ जोन्स या निर्देशांकाचा बाजार उघडतानाचा आकडा जोडायचा आणि ही जोडगोळी संगणकाच्या एका ठरावीक सूत्रातून दळून काढायची. पिठासारखे जे अंक बाहेर पडतात, त्यांचे दोन भाग करायचे. एक भाग अक्षांशाच्या दशांश चिन्हापुढे लावायचा, दुसरा रेखांशाच्या. पूर्ण अंश मात्र आपले आपल्याकडेच राहतात. भोसरीचा अक्षांश अठरा आणि रेखांश त्र्याहत्तर, म्हणजे आमचा ठिपका अठरा ते एकोणीस आणि त्र्याहत्तर ते चौऱ्याहत्तर या चौकोनातच कुठेतरी पडणार. तो कुठं पडेल हे बाजार उघडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, आणि उघडल्यावर ते कुणालाच बदलता येत नाही. मग मंडळी जमवायची आणि त्या ठिपक्यावर जायचं. या खेळाला जिओहॅशिंग म्हणतात आणि तो जगभर खेळला जातो.

आपल्याकडच्या लोकांसाठी यात एक सोय आहे. न्यूयॉर्कचा बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. तोवर आपला दिवस संपत आलेला असतो, म्हणून पूर्वेकडच्या देशांनी आदल्या दिवसाचा आकडा धरावा असा नियम आहे. शनिवार-रविवारी तर बाजार बंदच. त्यामुळे रविवारचा ठिपका आम्हाला शुक्रवारी संध्याकाळीच कळतो आणि तयारीला अख्खा शनिवार मिळतो. धपाटे, चटणी, पाण्याच्या बाटल्या, कुणाची गाडी, कुणाचे गुडघे दुखताहेत, हे सगळं शनिवारी ठरतं. फक्त जायचं कुठं, हे आम्ही ठरवत नाही.

या चौकोनाशी माझी जुनी ओळख निघाली, हा एक योगायोग. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत एका अंशाच्या चौकोनाला एक क्रमांक असतो. आमचा चौकोन '४७ एफ'. त्याचे सोळा तुकडे केले की त्यातल्या चौदाव्या तुकड्यात पुणे आणि भोसरी येतात. म्हणजे अमेरिकेतल्या खेळाचा चौकोन आणि आपल्या सरकारी नकाशाचा कागद तंतोतंत एकच! या कागदावर रायगड आहे आणि सिंहगड आहे, पनवेल आणि कर्जत आहे, देहू-आळंदी आहे, मुळशीचं धरण आहे आणि चाकणचे कारखानेही आहेत. क्षेत्रफळ साधारण अकरा हजार सातशे चौरस किलोमीटर. सवयीनं मी हिशेब केला. पिंपरी-चिंचवड शहर सुमारे एकशेऐंशी चौरस किलोमीटरचं, म्हणजे रोज ठिपका टाकला तर तो आमच्या शहरात सरासरी दोन महिन्यांतून एकदा पडेल. बाकीचे सगळे दिवस तो आपल्याला बाहेर काढणार.

आता वाचक विचारतील, की एवढा सह्याद्री पसरलेला असताना हा उपद्व्याप कशाला?

त्याचं कारण गमतीचं नाही. आपल्या रविवारांची एक यादी ठरून गेली आहे. पहिला पाऊस पडला की सगळं पुणं, सगळं पिंपरी-चिंचवड आणि अर्धी मुंबई त्याच पाच-सात जागी जाते. एकानं फोटो पाठवला की दहा जण तिथं जातात, दहा गेले की हजार जातात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारच होते. कुंडमळा आमच्यापासून काही फार लांब नाही. त्या दिवशी आमच्याच सोसायटीतली दोन कुटुंबं तिकडे निघाली होती. एकाच्या दुचाकीचं चाक पंक्चर झालं म्हणून अर्ध्या वाटेतून परतली. संध्याकाळी जिन्यात उभं राहून त्या घरातली बाई हे सांगत होती, तेव्हा तिचा आवाज स्थिर नव्हता.

त्याच आठवड्यात नातवानं मला हा खेळ समजावून सांगितला. सगळे जातात तिथं आपण जायचं नाही, एवढं तर माझं ठरलंच होतं. पण मग जायचं कुठं? आपण निवडायला बसलो की पुन्हा तीच यादी डोळ्यांसमोर येते. निवड आपल्या हाती न ठेवणं हाच त्यावर उपाय, हे मला पटलं.

आमचा मेळा दहा-बारा जणांचा. एक टूलरूममधले निवृत्त फिटर, एक शाळेतल्या बाई, लातूरकडून इकडे येऊन स्थायिक झालेलं एक जोडपं, आम्ही दोघं, आणि तीन-चार पोरं. आजवर अकरा वेळा निघालो आणि ठिपक्यावर पोचलो फक्त सहा वेळा. एकदा ठिपका मुळशीच्या पाण्यात पडला; काठावर बसून धपाटे खाल्ले आणि परत आलो. एकदा चाकणला कारखान्याच्या भिंतीआड पडला. दारावरचा रखवालदार बीडकडचा निघाला. आम्ही का आलो हे ऐकून तो पोट धरून हसला, आणि मग त्यानं स्टुलावरून उठून शाळेतल्या बाईंना बसायला दिलं. एकदा कोकणकड्याच्या खाली पडला, तेव्हा आम्ही घरीच पत्ते खेळलो. मुलांना हे फार आवडतं. सहल फसली तर ती कुणाच्याच चुकीनं फसलेली नसते, त्यामुळे गाडीत भांडणं होत नाहीत. ज्यांच्या घरात सहलीचं ठिकाण ठरवताना दरवेळी एकाचं तोंड फुगतं, त्यांनी एवढ्यासाठी तरी हा खेळ करून पाहावा.

इथवर सगळं छान. हा लेख मी लिहायला घेतला तो मात्र जानेवारीतल्या एका रविवारमुळे.

त्या दिवशी ठिपका खेड तालुक्यात, चाकणच्या पूर्वेला पडला होता. गाडी वस्तीजवळ लावली आणि बांधाबांधानं निघालो. पुढं नातू मोबाइल समोर धरून चाललेला, मागं मी जुना नकाशा उलगडून. एका बाजूला कांदा, दुसऱ्या बाजूला हरभरा. शेवटचे चाळीस मीटर उरले असतील. तेवढ्यात हरभऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांनी आमच्याकडे, मग मोबाइलकडे, मग नकाशाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय सायेब, मोजणी हाय का?"

मी घाईघाईनं म्हणालो, "नाही हो, आम्ही आपले फिरायला आलोय."

"फिरायला?" त्यांनी सभोवार नजर टाकली. "हितं काय हाय फिरायला? नकाशा घिऊन आलेला माणूस नुसता बघून जात न्हाय, सायेब."

ते रागानं बोलले नव्हते. त्या आवाजात भीती होती, आणि ती मी ओळखली. कारण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी याच तालुक्यात शेतीकर्जांचं काम पाहत होतो. काखेत सात-बाराचे उतारे, खिशात पेन, मोटरसायकलवर शिपाई. माझ्या लेखी गाव म्हणजे गट नंबर, त्यावरचं तारण आणि थकबाकी. विहिरीला पाणी किती यापेक्षा उताऱ्यावर बोजा किती हे मला आधी दिसायचं. मी कुणाचं वाईट केलं असं नाही, नियमानं वागलो. पण मी वस्तीवर उतरलो की बायका दाराआड होत आणि म्हातारी माणसं उभी राहत, हे मला तेव्हा आदराचं लक्षण वाटे. त्या रविवारी बांधावर उभं राहिल्यावर कळलं, की तो आदर नव्हता.

नकाशाची ही भीती जुनी आहे आणि तिला कारणं आहेत. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली शेतसाऱ्यासाठीची जमीनमोजणी १८३६ च्या सुमारास सुरू केली ती आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात. मोजणीमागून आकारणी आली. पुढं १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि आमच्या भोसरीच्या शेतांत आणि माळांवर नकाशे उलगडले गेले. त्यातून कारखाने उभे राहिले, हजारो घरांत चूल पेटली, माझ्या शेजारच्या फिटरांचं घरही त्यावरच उभं राहिलं. हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण ज्यांची रानं गेली त्यांच्या घरी ती आठवण वेगळी आहे. खेड तालुक्यात कनेरसर, निमगाव, दावडी या भागांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेतल्या गेल्या आणि परताव्याच्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला. विमानतळ आधी चाकण-राजगुरुनगरकडे होणार म्हणून गाजला आणि २०१६ मध्ये पुरंदरकडे वळला. तिथं मे २०२५ मध्ये ड्रोननं मोजणी सुरू झाली, तर गावकरी आडवे आले. अशा मुलखात कुणी हातात यंत्र धरून, ठिपका शोधत बांधावरून चालत येत असेल, तर शेतकऱ्यानं दुसरं काय समजायचं?

आमचा खेळ निरुपद्रवी आहे हे आम्हाला ठाऊक होतं, त्यांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठिपका यदृच्छेनं पडतो हे खरं, पण तो रिकाम्या कागदावर पडत नाही. तो कुणाच्यातरी कांद्यात पडतो.

त्या दिवशी वेळ निभावून नेली ती आमच्या सौभाग्यवतींनी. ती शेतकऱ्याच्या घरातली. तिनं मला नकाशाची घडी घालायला लावली, नातवाला मोबाइल खिशात ठेवायला सांगितला आणि बांधावर बसत विचारलं, "दादा, घाटे चांगले भरलेत, अळी नाही पडली यंदा?" त्यावर गृहस्थ पाच मिनिटं अळीविषयी बोलले. मग नातवानं त्यांना खेळ समजावून सांगितला. अमेरिकेतला बाजार उघडतो आणि त्यामुळे तुमच्या रानात माणसं येतात, हे ऐकून ते म्हणाले, "बाजारानं आमाला आजवर लई नाचवलं, आता तुमालाबी नाचवायला लागला व्हय!" आणि सगळे हसलो. ठिपका कांद्याच्या वाफ्यात होता. आम्ही तिथं गेलो नाही. ते स्वतःच गेले, नातू बांधावरून "अजून डावीकडं, आजोबा" म्हणत राहिला आणि नेमक्या जागी उभे राहून त्यांनी हात वर केला. आमच्या नोंदवहीत ही सातवी पोच मी धरलेली नाही; ठिपक्यावर आम्ही नव्हतो, जमिनीचा मालक होता. येताना त्यांनी मुलांच्या हाती हरभऱ्याचे डहाळे दिले.

तेव्हापासून आम्ही चार नियम पाळतो, आणि हा खेळ कुणी करणार असेल तर त्यानं ते पाळावेत असं माझं आग्रहाचं मत आहे. वस्तीवर आधी जायचं, माणसाला भेटायचं, आपण कोण आणि का आलो ते सांगायचं, आणि मगच यंत्र बाहेर काढायचं. उभ्या पिकात पाय ठेवायचा नाही. पावसाळ्यात ठिपका पाण्याजवळ किंवा कड्याजवळ असेल तर निघायचंच नाही. आणि "नको" म्हटलं की वाद न घालता परत फिरायचं.

काही मित्र म्हणतात, एवढे नियम लावल्यावर मजा काय उरली? मला उलट वाटतं. यादीतल्या जागी आपण जातो तेव्हा तिथं आपल्याला फक्त आपल्यासारखीच माणसं भेटतात, पार्किंगसाठी भांडणारी. ठिपक्यावर मात्र ज्याच्या दारी आपण कधीच गेलो नसतो असा माणूस भेटतो. त्याला घाबरवून आलो तर आपण सहलीला गेलो नाही, मोजणीलाच गेलो.

पुढच्या शुक्रवारी डाऊ पुन्हा उघडेल. नातवानं वहीत नवा रकाना आखला आहे. पूर्वी तिथं 'पोचलो' आणि 'नाही पोचलो' एवढंच असायचं. आता तिसरा रकाना आहे, 'कुणाला विचारलं'.